दाबलं तिसऱ्याचंच नाक : अमेरिकेतल्या ३५ दिवसांच्या शटडाउनचं प्रकरण

शुक्रवार, ११ जानेवारी २०१९. अमेरिकेतल्या हवाई वाहतूक नियंत्रकांचा पगाराचा दिवस. पगाराची स्लिप नेहमीसारखी आली, फक्त हातात पडायच्या रकमेच्या रकान्यात शून्य होतं. कित्येकांनी तिचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकले. ही माणसं रजेवर नव्हती. गेले तीन आठवडे ती रोज कामावर येत होती आणि काळ्या पडद्यावरचे हिरवे ठिपके एकमेकांना भिडू नयेत याची काळजी घेत होती. पगार मात्र देता येत नव्हता, कारण त्यासाठीची तरतूदच मंजूर झालेली नव्हती. आणि ती अडली होती मेक्सिकोच्या सीमेवरच्या एका भिंतीवर, जिचा त्यांच्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता.

२२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ या ३५ दिवसांत अमेरिकेच्या संघराज्य सरकारची नऊ खाती आणि त्यांच्याबरोबर अनेक लहानमोठ्या यंत्रणा बंद किंवा अर्धवट चालू होत्या. सुमारे ८ लाख कर्मचारी यात भरडले गेले. त्यांतले जवळपास ३ लाख ८० हजार सक्तीच्या बिनपगारी रजेवर घरी बसले, तर ४ लाख २० हजारांना ‘तुमचं काम अत्यावश्यक आहे’ असं सांगून फुकट राबवलं गेलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आपल्याकडच्या प्रत्येक संपात, बंदमध्ये आणि भावकीच्या भांडणात कोणीतरी वापरतंच. अमेरिकेतल्या या प्रकरणाकडे मी याच म्हणीतून पाहतो. कारण इथे दोन्ही बाजूंनी ताणून धरलं, पण ज्याचं तोंड उघडायचं होतं त्याचं नाक कोणाच्याच हातात नव्हतं.

टाळं लागतं कसं

आपल्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की सरकार बंद पडतंच कसं? आपल्याकडे ३१ मार्चला बिलं काढायची धावपळ होते, कोषागारात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, पण १ एप्रिलला तहसील कचेरी उघडते. अर्थसंकल्प वेळेत पूर्ण मंजूर होत नसेल तर लेखानुदान घेतात. केंद्रासाठी राज्यघटनेचं कलम ११६ आहे, राज्यांसाठी २०६. राज्यसभा धन विधेयक १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही. आणि लोकसभेनंच सरकारच्या मागण्या फेटाळल्या, तर बंद पडतं ते मंत्रिमंडळ, कचेऱ्या नव्हेत. ज्यानं पैसा मिळवून द्यायचा त्याचीच खुर्ची जाते, म्हणून तो वेळेत मिळवून देतो.

अमेरिकेत तसं नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी वेगळा निवडून येतो आणि काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, पैसा अडवला म्हणून त्याचं पद जात नाही. प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही दोन्ही सभागृहं निवडून आलेली आणि खर्चाच्या बाबतीत तुल्यबळ. बारा खर्चविधेयकं १ ऑक्टोबरपूर्वी दोन्हीकडे मंजूर व्हावी लागतात, त्यावर अध्यक्षाची सही लागते. सिनेटमध्ये चर्चा लांबवून विधेयक अडवण्याची सोय असल्यामुळे १०० पैकी ६० मतं जमवावी लागतात. म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार तिघा-चौघांकडे आहे आणि ‘नाही’ म्हटल्यानं घरी मात्र कोणीच जात नाही.

तरीही एकेकाळी टाळं लागत नसे. मंजुरीवाचून खर्चाची हमी घेऊ नये, असा कायदा १८८४ पासून होता. मधल्या काळात तरतूद संपली तरी खाती काटकसर करून रेटत राहत, काँग्रेस मागाहून पैसे देईल या भरवशावर. १९८० मध्ये जिमी कार्टर यांचे अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी या जुन्या कायद्याचा अर्थ काटेकोर लावला : तरतूद नाही तर काम बंद. पुढच्याच वर्षी त्यांनी जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणापुरती सूट दिली. म्हणजे आज जगभर बातमी होणारा हा प्रकार घटनेत कुठेही लिहिलेला नाही, तो एका कायदेशीर मतातून जन्माला आला. ते मत द्यायचं कारण शिस्त लावणं हे होतं. राजकारण्यांना त्यात हत्यार सापडलं.

हे हत्यार एकाच पक्षानं वापरलं असंही नाही. १९९५-९६ मध्ये न्यूट गिंग्रिच यांच्या रिपब्लिकनांनी बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध ते २१ दिवस चालवलं. २०१३ मध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावरून १६ दिवस गेले. जानेवारी २०१८ मध्ये लहानपणी आईवडिलांबरोबर बेकायदा आलेल्या तरुणांच्या प्रश्नावर सिनेटमधले नेते चक शुमर यांच्या डेमोक्रॅटांनी तीन दिवस ताणलं आणि रिकाम्या हातानं माघार घेतली. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅक्कॉनेल २०१३ नंतर त्यांच्या केंटकीतली एक म्हण सांगत : खेचराची लाथ दुसऱ्यांदा खाल्ली म्हणून नवं काही शिकायला मिळत नाही. म्हण झकास होती. पाच वर्षांनी त्यांना तीच लाथ स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षामुळे पुन्हा खावी लागली.

११ डिसेंबरची बैठक

डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ च्या प्रचारात मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधण्याचं वचन दिलं होतं, आणि तिचा खर्च मेक्सिको देईल असंही. मेक्सिको काही देईना. २०१८ च्या अखेरीस ट्रम्प काँग्रेसकडे ५.७ अब्ज डॉलर मागत होते. अमेरिकेच्या वार्षिक खर्चाच्या मानानं ही रक्कम केवढी, तर हजार डॉलरमागे सव्वा डॉलरच्या आसपास. भांडण पैशाचं नव्हतंच. ६ नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहात ४० जागा वाढवून बहुमत मिळवलं होतं. ३ जानेवारीला नवं सभागृह बसणार, म्हणजे ट्रम्प यांच्या हातात जेमतेम महिना होता.

११ डिसेंबरला ओव्हल ऑफिसमध्ये त्यांनी शुमर आणि प्रतिनिधिगृहातल्या डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पेलोसी यांना बोलावलं. सुरुवातीचे दोन फोटो झाले की पत्रकार बाहेर, असा रिवाज. त्या दिवशी कॅमेरे आतच राहिले आणि सगळी हुज्जत देशानं पाहिली. उपाध्यक्ष माइक पेन्स शेजारी बसून होते, एक अक्षर न बोलता. पेलोसींना सध्या मोकळं बोलणं अवघड आहे, असं ट्रम्प यांनी त्यांच्या पक्षांतर्गत निवडीवरून सुचवलं. नुकत्याच मोठ्या विजयातून आलेल्या नेत्याच्या ताकदीचं वर्णन तुम्ही करू नका, असं पेलोसींनी तिथल्या तिथे सुनावलं. शुमर यांनी हळूच डिवचत नेलं : तुम्हीच सरकार बंद करू म्हणताय. आणि ट्रम्प बोलून गेले. सीमेच्या सुरक्षेसाठी सरकार बंद करण्याचा मला अभिमान वाटेल, त्याची जबाबदारी मी घेईन, मी तुमच्यावर दोष टाकणार नाही.

शुमर त्या क्षणी खाली मान घालून हसू आवरताना दिसतात. या सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण मला तरी हाच वाटतो. शटडाउनच्या खेळात पैसा, विधेयकं, मतसंख्या हे सगळं दुय्यम असतं. खरी लढाई असते ती खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार याची. सरकार अजून बंदही पडलं नव्हतं आणि ट्रम्प यांनी ते खापर आपण होऊन, कॅमेऱ्यासमोर, डोक्यावर घेतलं. पुढचे ३५ दिवस त्यांनी ‘हे डेमोक्रॅटांचं शटडाउन’ असं शंभरदा म्हटलं असेल, पण प्रत्येक वाहिनीकडे ती चित्रफीत होती. जनमत चाचण्यांत बहुतेक वेळा दोष त्यांच्याकडेच जात राहिला. (त्या दिवशी जास्त गाजलं ते मात्र पेलोसींचं बाहेर पडणं. विटकरी रंगाचा कोट, गॉगल आणि चेहऱ्यावरचं हसू. राजकारणात कोटाचीही बातमी होते.)

तडजोड जवळपास झालीच होती

टाळं टळण्याची वेळ आली होती आणि तीही मॅक्कॉनेल यांच्या हातून. १९ डिसेंबरला सिनेटनं ८ फेब्रुवारीपर्यंतची तात्पुरती तरतूद आवाजी मतदानानं मंजूर केली. भिंतीसाठी जादा पैसे नाहीत, पण भांडण फेब्रुवारीवर ढकललेलं. ट्रम्प यावर सही करतील अशी समजूत होती. सिनेटर नाताळासाठी घरी निघाले.

मग उजव्या विचारांचे रेडिओ आणि टीव्हीवरचे बोलके लोक खवळले. रश लिंबॉ, अॅन कोल्टर यांनी अध्यक्षांना भेकड ठरवलं. प्रतिनिधिगृहातले फ्रीडम कॉकस या कट्टर उजव्या रिपब्लिकन गटाचे मार्क मेडोज आणि जिम जॉर्डन यांनी कान भरले : ३ जानेवारीनंतर संधीच नाही. २० तारखेला ट्रम्प यांनी मावळते सभापती पॉल रायन यांना कळवलं की सही करणार नाही. त्या रात्री मावळत्या रिपब्लिकन बहुमतानं ५.७ अब्ज डॉलर घालून विधेयक २१७ विरुद्ध १८५ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये त्याला ६० मतं मिळणं शक्यच नव्हतं. २१ च्या मध्यरात्री तरतूद संपली.

आता इथे मागे वळून एक आकडा पाहावा लागतो. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या काही सदस्यांनी एक प्रस्ताव आणला होता : सीमासुरक्षेला २५ अब्ज डॉलर, बदल्यात लहानपणी बेकायदा आलेल्या त्या तरुणांना नागरिकत्वाची वाट. ५४ मतं पडली, सहा कमी. आणि विरोध कोणाचा, तर ट्रम्प यांच्याच प्रशासनाचा. ज्याला फेब्रुवारीत पंचवीस परवडले नाहीत तो डिसेंबरात पावणेसहासाठी सरकार बंद करत होता.

डेमोक्रॅट धुतल्या तांदळासारखे होते असंही समजायचं कारण नाही. सीमेवर कुंपण घालण्याच्या २००६ च्या कायद्याला शुमर, हिलरी क्लिंटन, ओबामा या सगळ्यांनी सिनेटमध्ये मत दिलेलं. डिसेंबरात त्यांचे नेते कुंपणासाठी १.३ अब्ज डॉलर द्यायला तयार होते. पण सभापती झाल्यावर पेलोसींनी भिंत ही अनैतिक आहे असं म्हटलं, आणि किती पैसे द्याल या प्रश्नावर ‘एक डॉलर’ असं थट्टेनं उत्तर दिलं. किंमत ठरवायच्या वस्तूला पाप म्हटलं की घासाघीस संपते. मात्र त्यांच्या हट्टामागे एक हिशेब होता, आणि तो मला पटतो. आज कर्मचाऱ्यांचे पगार अडवून ट्रम्प यांना काही मिळालं, तर सप्टेंबरात पुन्हा तेच होईल, आणि मग दरवर्षी.

शून्याची स्लिप

बारापैकी पाच विधेयकं आधीच मंजूर झालेली होती. संरक्षण, आरोग्य, शिक्षण, कामगार, माजी सैनिक या खात्यांना पैसा होता. त्यामुळे सैन्याला पगार मिळाला, निवृत्तांचं पेन्शन चालू राहिलं, टपाल आलं. सामान्य अमेरिकन माणसाला पहिले दोन आठवडे फारसं काही जाणवलंच नाही. मोठ्या आवाजाचे गट वगळून टाळं लागलं होतं, आणि ते इतकं लांबलं याचं अर्धं कारण हेच आहे.

भारतीय, त्यातही मराठी, घरांत तेव्हा फोनवर एकच चौकशी चालू होती : एच-वन-बीचं काय? त्याचं उत्तर सोपं निघालं. व्हिसाच्या अर्जांचं काम करणारी यंत्रणा अर्जदारांच्या फीवर चालते आणि कामगार खात्याला तरतूद होती, त्यामुळे ते काम थांबलं नाही. पोळले ते व्हर्जिनिया-मेरीलँडच्या पट्ट्यात सरकारी प्रकल्पांवर कंत्राटी कंपन्यांमार्फत काम करणारे. त्यांच्याकडे पुन्हा येतो.

तटरक्षक दल हे तिथे गृहसुरक्षा खात्याखाली येतं. त्यामुळे सैन्याच्या एका शाखेला शटडाउनमध्ये पगार न मिळण्याचा पहिला मान त्यांना मिळाला. चाळीस हजारांवर जवान. त्यांच्यासाठी काढलेल्या सल्लापत्रकात घरातल्या वस्तू विका, मुलं सांभाळा, कुत्री फिरवा अशा सूचना होत्या, आणि दिवाळखोरी हा शेवटचा पर्याय समजा असंही. वर्तमानपत्रात आल्यावर ते पत्रक मागे घेतलं गेलं. ‘हातावर पोट’ हा शब्द आपण मजुरांसाठी वापरतो. महिन्याला दोनदा पगार घेणाऱ्या पक्क्या सरकारी नोकरांच्या घरात एक हप्ता चुकताच मोफत शिधा देणाऱ्या केंद्रांपुढे रांग लागते, हे त्या महिन्यात दिसलं. व्हाइट हाउस आणि काँग्रेसची इमारत कॅपिटॉल यांच्या मधल्या पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवर होसे आंद्रेस या शेफनं मोफत जेवणाचं स्वयंपाकघर उघडलं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत शीख गुरुद्वारानं सरकारी कर्मचाऱ्यांसाठी लंगर लावला.

अशा वेळी वाणिज्यमंत्री विल्बर रॉस २४ जानेवारीला टीव्हीवर म्हणाले, हे लोक अन्नकेंद्रांवर का जातात ते मला नीट कळत नाही, कर्ज का काढत नाहीत? रॉस स्वतः अतिश्रीमंत गुंतवणूकदार. आपल्याकडच्या एखाद्या मंत्र्यानं असं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक चहाच्या टपरीवर त्याची आरती निघाली असती.

सगळ्यात बोचरा विरोधाभास सीमेवरच होता. सीमेच्या रक्षणासाठी म्हणून सरकार बंद, आणि सीमेवर गस्त घालणाराच बिनपगारी. स्थलांतरितांच्या न्यायालयांत आठ लाखांवर प्रकरणं तुंबलेली होती. कोठडीत असलेल्यांची सोडून बाकी हजारो सुनावण्या रद्द झाल्या, म्हणजे ज्यांना परत पाठवायचं त्यांचा मुक्काम आपोआप वाढला. नोकरीवर घेतलेला माणूस कायदेशीर आहे का हे मालकाला तपासता येतं ती ई-व्हेरिफाय प्रणालीही बंद. जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात रखवालदार नसल्यामुळे लोकांनी गाड्या कुठेही घातल्या, झाडं तोडली. स्मिथसोनियनची संग्रहालयं २ जानेवारीपासून बंद. गरिबांच्या अन्नमदतीचे फेब्रुवारीचे पैसे २० जानेवारीपूर्वीच वाटून टाकले गेले, कारण पुढे देता येतील की नाही याची खात्री नव्हती. ज्यांना ते मिळाले त्यांनी मार्चपर्यंत ते कसे पुरवले हे कोणी विचारलं नाही.

पत्रापत्री

वाटाघाटी म्हणाव्यात असं जानेवारीत फारसं काही झालंच नाही. ८ तारखेला ट्रम्प यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केलं. ९ ला बैठक झाली. आता सरकार उघडलं तर महिन्याभरात भिंतीला पैसे द्याल का, असं त्यांनी पेलोसींना विचारलं. ‘नाही’ असं उत्तर आल्यावर ते ‘बाय-बाय’ म्हणून उठून गेले, हे त्यांनीच ट्वीट करून सांगितलं. मॅक्कॉनेल तर पडद्यामागेच गेले. अध्यक्ष सही करणार नाहीत असं काहीही मी सिनेटमध्ये आणणार नाही, एवढं बोलून त्यांनी हात झटकले. प्रतिनिधिगृह विधेयकामागून विधेयक पाठवत होतं आणि ती सिनेटच्या दारात पडून राहत होती. माझ्या मते ट्रम्पइतकाच या ३५ दिवसांचा दोष मॅक्कॉनेल यांच्या त्या मौनाकडे जातो. त्यांच्याच सभागृहानं जवळपास तसंच विधेयक १९ डिसेंबरला एकमुखानं मंजूर केलं होतं.

मग पोरखेळ सुरू झाला. सुरक्षा सांभाळणाऱ्यांना पगार नसताना २९ जानेवारीचं तुमचं वार्षिक अभिभाषण पुढे ढकलू या, असं पत्र पेलोसींनी १६ तारखेला अध्यक्षांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांचं उत्तर : ब्रसेल्स आणि अफगाणिस्तानच्या दौऱ्यासाठी तुम्हाला दिलेलं लष्करी विमान रद्द, जायचं तर साध्या प्रवासी विमानानं जा. शिष्टमंडळाची बस तेव्हा निघायच्या बेतात होती. पण या पोरखेळातही एक अर्थ होता. अभिभाषणासाठी सभागृह द्यायचं की नाही हे सभापतीच्या हातात असतं. २३ ला ट्रम्प यांनी ते मान्य केलं आणि भाषण पुढे ढकललं. या प्रकरणात अध्यक्षांचं स्वतःचं असं काही अडवलं गेलं ते हे एकच, आणि तिथे ते आठवडाभरच टिकले.

१९ जानेवारीला त्यांनी नवा देकार दिला : ५.७ अब्ज द्या, त्या तरुणांना तीन वर्षांचं संरक्षण देतो. हे संरक्षण त्यांनीच आधी काढायला घेतलेलं, आणि न्यायालयांनी तूर्त रोखलेलं. कुंपण घालणारा आपलीच ओढून नेलेली गाय भाड्यानं परत देतोय, असा तो सौदा. २४ ला सिनेटमध्ये दोन मतदानं झाली. ट्रम्प यांच्या योजनेला ५०, विरोधात ४७. बिनशर्त सरकार उघडण्याच्या डेमोक्रॅटांच्या ठरावाला ५२, विरोधात ४४. दोन्ही साठपर्यंत पोचले नाहीत. पण रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅटांना अध्यक्षांपेक्षा जास्त मतं पडली होती, सहा रिपब्लिकन फुटून.

लीसबर्गची सकाळ

अमेरिकेत संघराज्य सरकारच्या नोकराला संप करता येत नाही. १९८१ मध्ये हवाई नियंत्रकांनी तो केला तेव्हा रोनाल्ड रेगन यांनी अकरा हजारांवर माणसं एका फटक्यात काढून टाकली. ते आजही तिथल्या कोणाच्या विस्मरणात नाही. नव्या नियंत्रकांची भरती वर्षानुवर्षं कमीच, त्यामुळे माणशी कामाचा ताण आधीच मोठा, आणि आता काहीजण ड्युटी संपल्यावर भाड्याची गाडी चालवत होते. २३ जानेवारीला नियंत्रक, वैमानिक आणि हवाई सेवकांच्या संघटनांनी एकत्र निवेदन काढलं : धोका किती आहे याचा आम्हाला आता अंदाजही करता येत नाही. विमानतळावर झडती घेणाऱ्यांत त्याआधीच दहापैकी एकजण गैरहजर राहू लागला होता.

दुसरी शून्याची स्लिप २५ जानेवारीला आली, शुक्रवारी. त्या सकाळी व्हर्जिनियातलं लीसबर्ग आणि फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल इथल्या दोन नियंत्रण केंद्रांत काही नियंत्रकांनी आजारपणाची रजा टाकली. संघटनेनं यामागे कसलीही योजना नसल्याचं सांगितलं. संख्या दहाच्या आसपास. पण पूर्व किनाऱ्यावरच्या उंचावरच्या आकाशाचा मोठा भाग याच केंद्रांतून हाकला जातो. न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं काही काळ जागच्या जागी थांबवली गेली. न्यूअर्क आणि फिलाडेल्फियालाही उशीर होत गेला. सकाळच्या विमानांत बसलेले होते वकील, बँकर, वृत्तवाहिन्यांचे लोक, खासदारांचे देणगीदार.

दुपारी ट्रम्प व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये आले आणि १५ फेब्रुवारीपर्यंत, तीन आठवड्यांसाठी, सरकार उघडत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. भिंतीसाठी शून्य. साधारण तेच, जे १९ डिसेंबरला सिनेटनं दिलं होतं.

अन्नकेंद्रांपुढच्या रांगांनी, विकायला काढलेल्या वस्तूंनी, रद्द झालेल्या सुनावण्यांनी ३४ दिवस जे झालं नाही ते एका सकाळच्या उशिरानं झालं. त्याला ते एकच कारण नव्हतं हे मान्य. आदल्या दिवशीचं सिनेटचं मतदान आणि घसरत्या चाचण्या होत्याच. पण कळ आतापर्यंत ज्यांना लागत होती त्यांचा आवाज कॅपिटॉलमध्ये पोचत नव्हता, आणि विमानतळावर खोळंबलेल्यांचा पोचत होता, एवढं तरी त्या दिवशी दिसलं.

कोणाच्या पदरात काय

१५ फेब्रुवारीला पूर्ण वर्षाच्या तरतुदीवर ट्रम्प यांची सही झाली. भिंतीला, म्हणजे रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या ५५ मैल अडथळ्यांना, १.३७५ अब्ज डॉलर. उन्हाळ्यात सिनेटच्या समितीनं १.६ अब्ज देऊ केले होते. ३५ दिवस टाळं लावून ट्रम्प यांना मिळालं ते टाळं न लावता मिळालं असतं त्याहून कमी.

त्याच दिवशी त्यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून लष्करी बांधकामाचा आणि इतर निधी भिंतीकडे वळवला. हा चोरदरवाजा ते जानेवारीच्या सुरुवातीपासून बोलून दाखवत होते. ज्याला मागचं दार उघडं आहे तो पुढच्या दारात तडजोड कशाला करील? दोन्ही सभागृहांनी आणीबाणीविरुद्ध ठराव केला, सिनेटमध्ये बारा रिपब्लिकनांच्या मतांसह ५९ विरुद्ध ४१. ट्रम्प यांनी आपल्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार त्यावर वापरला. पुढे ती आणीबाणी जो बायडन यांनी पदग्रहणाच्या दिवशी संपवली.

काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयानं शटडाउनमुळे ११ अब्ज डॉलरचं उत्पन्न हुकल्याचा अंदाज दिला. त्यातले ३ अब्ज कधीच भरून निघणार नव्हते. म्हणजे भिंतीला जेवढे मिळाले त्याच्या दुपटीहून अधिक पैसे नुसत्या भांडणात गेले.

कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळाला. १६ जानेवारीलाच ट्रम्प यांनी त्याच्या हमीच्या कायद्यावर सही केली होती, पुढच्या सगळ्या शटडाउनसाठीही. कंत्राटी माणसांना मात्र काही मिळालं नाही. सरकारी इमारती झाडणारे, दारावर उभे राहणारे, संग्रहालयांच्या उपाहारगृहात ताटं लावणारे, आणि टेबलापाशी बसून सरकारची सॉफ्टवेअरं सांभाळणारे. या सगळ्यांचे ३५ दिवस बुडाले ते बुडालेच. त्यांना भरपाई देण्याची तरतूद फेब्रुवारीच्या विधेयकात आणायचा प्रयत्न झाला आणि अंतिम मसुद्यातून ती गळली. आपल्याकडच्या महापालिकांतला ठेकेदाराचा सफाई कामगार आणि पक्का कामगार यांच्यातला फरक ज्याला माहीत आहे, त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही.

३५ दिवसांचा विक्रम २०२५ मध्ये मोडला. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असं ४३ दिवस टाळं होतं. अध्यक्ष पुन्हा ट्रम्प, सिनेटमधला विरोधी नेता पुन्हा शुमर, यावेळी अडलं होतं आरोग्यविम्याच्या अनुदानावर आणि अडवणारे डेमोक्रॅट होते. शेवटच्या आठवड्यात पुन्हा नियंत्रक कमी पडले आणि ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं सरकारनंच आदेश काढून कमी केली. मधल्या काळात व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयातून एक टिपण फिरलं होतं, की सक्तीच्या रजेवरच्या लोकांना थकलेला पगार द्यावाच लागतो असं २०१९ चा कायदा म्हणत नाही. ज्या कायद्यावर ट्रम्प यांनी सही केली होती, तोच कायदा. अखेर सरकार उघडणाऱ्या विधेयकात ती हमी पुन्हा वेगळी लिहून घ्यावी लागली.